‘फर्निश्ड’ घर भाड्याने घेताना आणि देताना

पुण्यात किंवा मुंबईत भाड्याच्या घराची जाहिरात वाचली, की जागेचे क्षेत्रफळ आणि भाडे यांच्या जोडीला एक शब्द हमखास असतो: फर्निश्ड, सेमी-फर्निश्ड किंवा अनफर्निश्ड. या एका शब्दावर महिन्याला काही हजार रुपयांचा फरक पडतो. तरीही घरमालक, भाडेकरू आणि एजंट या तिघांच्या मनात त्याचा अर्थ एकच आहे, असे क्वचितच दिसते. कापडाच्या बाजारात ‘फर्निशिंग’ मागितले की पडदे, सोफ्याचे कापड, चादरी, पलंगपोस आणि उशांचे अभ्रे समोर येतात. सुतारकामाच्या व्यवहारात ‘फ्लॅटमध्ये फर्निचर करून घेतले’ याचा अर्थ भिंतीला धरून बसवलेली प्लायवुडची कपाटे, टीव्हीचे युनिट आणि ओट्याखालच्या ट्रॉल्या. एजंटच्या तोंडी ‘सेमी’ म्हणजे बहुधा पंखे, दिवे, गिझर, कपाटे आणि ट्रॉल्या; ‘फुल्ली’ म्हणजे त्यावर पलंग, गाद्या, सोफा, फ्रिज, वॉशिंग मशीन. एसी यांपैकी कशात धरायचा, हे त्या दिवशीच्या मागणीवर ठरते. प्रत्येकाचा अर्थ आपापल्या धंद्यात बरोबर आहे. अडचण येते ती असे तीन-चार अर्थ एकाच करारात शिरतात तेव्हा. म्हणून या लेखाचे म्हणणे एवढेच आहे की ‘फर्निश्ड’ या शब्दावर भाडे ठरवू नका आणि डिपॉझिटही देऊ-घेऊ नका. घरात कोणत्या वस्तू आहेत, किती आहेत, कोणत्या अवस्थेत आहेत आणि बिघडल्या तर कोणी दुरुस्त करायच्या, याची यादी कराराचा भाग करा. शब्द जाहिरातीत राहू द्या. व्यवहार यादीवर होऊ द्या.

हा आग्रह कागदी घोडे नाचवण्याच्या हौसेतून आलेला नाही. कायद्याची मांडणी पाहिली तर तिथेही भर वस्तूंवर आणि त्या कशा बसवल्या आहेत यावर आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मध्ये ‘जागा’ कशाला म्हणायचे याची व्याख्या आहे. इमारत किंवा तिचा भाग यांच्याबरोबर बागा, गॅरेज आणि बाहेरच्या खोल्या तिच्यात येतात. त्यापुढे दोन गोष्टी वेगवेगळ्या सांगितल्या आहेत: घरमालकाने वापरासाठी पुरवलेले फर्निचर, आणि जागेचा उपभोग अधिक चांगला व्हावा म्हणून इमारतीला जोडलेली साधने. म्हणजे मालकाने दिलेला पलंग आणि भिंतीत पक्का केलेला गिझर या दोन्हींना कायदा भाड्याच्या जागेत धरतो, पण त्यांच्या जाती वेगळ्या ठेवतो. घरमालकाला वाटते की सामान ही आपण वर केलेली मेहेरबानी आहे आणि ते मनाला येईल तेव्हा उचलून नेता येईल. भाडेकरूला वाटते की घरात दिसले ते सगळे आपल्या भाड्यात आले. या व्याख्येपुढे दोन्ही समजुती टिकत नाहीत. जे वापरासाठी पुरवले, ते मुदतभर जागेचाच भाग आहे. आणि काय पुरवले, हा पुराव्याचा प्रश्न आहे. विमा कंपन्याही याच रेषेवरून चालतात. एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांनी सुरू केलेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीत इमारत वेगळी आणि घरातील सामान वेगळे धरले जाते. सामान म्हणजे घराच्या बांधकामाला कायमचे न जोडलेल्या वस्तू. त्या पॉलिसीत इमारतीचा विमा घेतला की तिच्या विमा रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, पण १० लाख रुपयांच्या मर्यादेत, सामानालाही आपोआप संरक्षण मिळते. आगीत किंवा पुरात नुकसान झाले तर तिथेही विचारले जाते की वस्तू कोणती होती, कोणाची होती आणि ती भिंतीला जोडलेली होती का. घर ‘फर्निश्ड’ होते एवढे सांगून तिथे काम भागत नाही.

तेव्हा घरातल्या वस्तूंकडे पाहताना पहिला प्रश्न असा विचारावा: ही वस्तू काढली तर भिंत, फरशी किंवा वायरिंग यांना धक्का लागतो का? लागत असेल तर ती बसवलेली वस्तू, नसेल तर नुसते सामान. नव्वद टक्के वस्तूंचा निकाल इथेच लागतो. उरलेल्या दहा टक्क्यांत मात्र बहुतेक भांडणे दडलेली असतात, म्हणून तिथे थोडे थांबले पाहिजे. स्प्लिट एसी स्क्रूवर बसतो, पण काढताना भिंतीला भोक राहते आणि गॅस पुन्हा भरावा लागतो. पाणी शुद्ध करणारे यंत्र भिंतीवर टांगलेले असते, पण ते अनेकदा भाडेकरूचे स्वतःचे असते आणि नळाला जोडण्यासाठी त्याने मालकाच्या नळात फेरफार केलेला असतो. पडदे सामानात मोडतात. पडद्यांचे रॉड भिंतीत बसवलेले असतात. मालकाने रॉड दिले आणि पडदे दिले नाहीत, तर घर ‘फर्निश्ड’ आहे की नाही, यावर तासभर वाद होऊ शकतो. इन्व्हर्टर हलवता येतो, पण त्याची वायर घराच्या वायरिंगमध्ये जोडलेली असते, आणि बॅटरी तीन-चार वर्षांत बदलावी लागते. ती कोणी बदलायची? स्वयंपाकघरातली चिमणी बसवलेली असते, शेगडी सुटी असते, आणि गॅसची जोडणी तिसऱ्याच कोणाच्या नावावर असते. कपाट भिंतीत असले तरी त्याच्या किल्ल्या सुट्या असतात आणि घर सोडताना नेमकी एक किल्ली सापडत नाही. अशा वस्तूंना ‘बसवलेली’ की ‘सुटी’ असे सैद्धांतिक लेबल लावत बसू नका. यादीत त्यांच्यापुढे ‘मालकाचे’ किंवा ‘भाडेकरूचे’ असा शब्द लिहिला की प्रश्न मिटतो. भाडेकरूने मुदतीत स्वतः बसवलेल्या वस्तूचीही तिथे नोंद करावी आणि जाताना ती काढून न्यायची, की ठरलेल्या रकमेला मालकाने ठेवून घ्यायची, हे बसवण्याआधी ठरवावे. लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठराविक मुदतीसाठी जागा वापरण्याचा, परवाना संपल्यावर आपले सामान हलवायला वाजवी वेळ मिळण्याचा हक्क १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने परवानाधारकाला, म्हणजे इथे भाडेकरूला, दिला आहे. पण सामान कोणाचे, हेच ठरलेले नसेल तर त्या हक्काचा उपयोग होत नाही.

आता यादी कशी लिहायची ते पाहू. बहुतेक करारांत ती असतेच, पण इतकी त्रोटक की असून नसल्यासारखी: ‘पंखे ५, ट्यूबलाइट ६, गिझर १, फ्रिज १, बेड २’. या नोंदीवरून काय परत मिळायला हवे, हे सांगता येत नाही. अकरा महिन्यांनी घरात एक फ्रिज असेल, पण तो तोच आहे का? त्याचा दरवाजा तेव्हा नीट लागत होता का? नोंद अशी हवी की घर न पाहिलेल्या माणसालाही ती वाचून वस्तू ओळखता यावी. ‘फ्रिज, एक दरवाजाचा, अमुक कंपनीचा, १९० लिटर, २०१९ साली घेतलेला, चालू, दरवाजाच्या खालच्या बाजूला गंज, भाजीच्या कप्प्याला तडा.’ किंवा ‘गादी, कापसाची, ६ बाय ५ फूट, खोळीसह, एका बाजूला डाग, अशी १.’ लिहिताना खोलीनिहाय चालावे. दारातून आत शिरून उजव्या हाताने भिंतीला धरून फिरत गेले की काही सुटत नाही. माळ्यावरची आणि बाल्कनीतली वस्तू सर्वात जास्त विसरली जाते, म्हणून त्या दोन जागा मुद्दाम पाहाव्यात. यंत्रांचे मॉडेल आणि क्रमांक मागच्या पट्टीवर छापलेले असतात. त्या पट्टीचाच फोटो काढला की लिहिण्याचे कष्ट वाचतात. कापडी सामानाकडे, म्हणजे खऱ्या अर्थाने ज्याला बाजार ‘फर्निशिंग’ म्हणतो त्याकडे, लोक सर्वात कमी लक्ष देतात. पण पडद्यांचे जोड किती, सोफ्याची कव्हरे धुण्याजोगी आहेत का, गादीवर आधीचे डाग आहेत का, हेच सोडतानाच्या कपातीचे कारण होते. ज्या वस्तू दिल्या आहेत पण चालत नाहीत, त्यांच्यापुढे ‘बंद’ असे स्पष्ट लिहावे. बंद पडलेला गिझर ‘गिझर १’ म्हणून नोंदला गेला, की तो सुरू करून देण्याचा खर्च भाडेकरूच्या माथी येण्याची वाट मोकळी होते. फोटो आणि व्हिडिओ जरूर काढावेत, त्याच दिवशी एकमेकांना पाठवावेत. परंतु ते यादीला पूरक आहेत, पर्याय नाहीत. दोनशे फोटोंतून कपाटाची किल्ली शोधण्यापेक्षा एक ओळ वाचणे सोपे असते. ही सगळी पाहणी एका दुपारी, दोघांनी मिळून, दिवे आणि नळ सुरू करून करावी. एजंटने आधीच भरून आणलेल्या कागदावर सही करून ती उरकू नये.

यादी कुठे ठेवायची, हा प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. वेगळ्या कागदावर लिहून घरात ठेवलेली यादी अगदीच निरुपयोगी नसते, पण नोंदणीकृत कराराचे परिशिष्ट झालेली यादी फार वेगळे काम करते. ऑनलाइन नोंदणीच्या नमुन्यातही अशा वस्तूंच्या परिशिष्टाला जागा असते. ती रिकामी सोडू नये. लिव्ह अँड लायसन्सच्या जागेचा ताबा मुदत संपल्यावर परत मिळवण्याची तरतूद असलेल्या, भाडे नियंत्रण अधिनियमाच्या २४ व्या कलमात असे स्पष्टीकरण आहे, की परवान्याचा लेखी करार हा त्यात नमूद केलेल्या गोष्टींचा निर्णायक पुरावा मानला जाईल. शिवाय ५५ व्या कलमानुसार असा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकावर आहे. ती न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्याहून मोठा परिणाम असा, की नोंदणीकृत लेखी करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, ते खोटे सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही, ही समजूत इतर राज्यांच्या व्यवहारातून आपल्याकडे आली आहे. महाराष्ट्रात ती लागू पडत नाही. यादी जोडल्याने खर्च वाढेल, ही भीतीही निराधार आहे. मुद्रांक शुल्क मोजताना एकूण भाडे, परत न मिळणारी रक्कम असेल तर ती, आणि परत मिळणाऱ्या अनामतीवर दरसाल १० टक्क्यांनी धरलेले व्याज यांची बेरीज करतात आणि तिच्यावर पाव टक्का आकारतात. महिना २५,००० रुपये भाडे, ११ महिने मुदत आणि १ लाख रुपये अनामत असेल, तर भाडे २,७५,००० आणि व्याज सुमारे ९,१६७ रुपये, म्हणजे शुल्क सातशे-आठशे रुपयांच्या घरात जाते. घरात दोन पंखे असोत की चाळीस वस्तू, या हिशेबात फरक पडत नाही.

यादीने वस्तू कोणती, हे ठरते; ती कोणत्या स्थितीत परत करायची, हा पुढचा आणि जास्त नाजूक प्रश्न. वापराने होणारी झीज आणि निष्काळजीपणाने झालेले नुकसान यांत कायदा जुना भेद करतो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातील १०८ वे कलम पट्टेदाराला जागा जशी मिळाली तशी चांगल्या स्थितीत ठेवायला सांगते, पण वाजवी झीज आणि टाळता न येणारी आपत्ती यांना त्यातून वगळते. ते कलम पट्ट्यासाठी आहे, लायसन्ससाठी थेट नाही. म्हणूनच तोच नियम आपल्या करारात एका वाक्याने उतरवून घेणे शहाणपणाचे ठरते. सोफ्याचे कापड बसण्याच्या जागी विरले, पडद्याचा रंग उन्हाने उडाला, कापसाची गादी बसली, हे सगळे वापराचे परिणाम आहेत. गादीला इस्त्रीने जळाल्याचा डाग, पडद्याला मांजराने काढलेले धागे, फ्रिजच्या काचेच्या कप्प्याचे तुकडे, हे नुकसान. नुकसान झाले तरी भरपाई नव्या वस्तूच्या किमतीची द्यायची नसते, हे घरमालकांनी लक्षात घ्यावे. दहा वर्षे वापरलेल्या गादीचा डाग म्हणून नव्या गादीची पूर्ण किंमत डिपॉझिटमधून कापणे म्हणजे भाडेकरूच्या पैशाने स्वतःचे घर नवे करणे होय. यावर सरळ उपाय असा, की यादीत प्रत्येक महागड्या वस्तूपुढे तिच्या खरेदीचे साल आणि दोघांनी मान्य केलेली आजची किंमत लिहावी. भरपाई त्या आकड्याच्या वर जाणार नाही, असे करारात म्हणावे. दुरुस्तीचे वाटपही असेच लिहून ठरवता येते. केंद्र सरकारने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्याच्या परिशिष्टात एक विभागणी दिलेली आहे. भिंतींची सफेदी, दारे-खिडक्यांचे रंगकाम, नळाचे पाइप आणि वायरिंग बदलणे हे मालकाकडे. नळाचे वॉशर, स्विच आणि सॉकेट, गिझरची दुरुस्ती, कुलपे, खिडक्यांच्या काचा हे भाडेकरूकडे. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो कायदा बंधनकारक होत नाही आणि महाराष्ट्रातला व्यवहार १९९९ च्या कायद्यावर चालतो, पण बोलणी करताना ही विभागणी चांगला आधार देते. त्यात थोडा बदल मात्र सुचवावासा वाटतो. जुना गिझर, जुना एसी, जुना फ्रिज यांचा मोठा बिघाड भाडेकरूवर टाकणे न्याय्य नाही, कारण त्या यंत्राचे आयुष्य आधीच्या वापराने सरलेले असते. नियमित सर्व्हिसिंग भाडेकरूने करावे, आणि ठराविक रकमेच्या वरचा बिघाड किंवा यंत्र बदलणे मालकाने करावे, अशी रेषा दोघांनाही परवडते.

या सगळ्यावर घेतले जाणारे आक्षेप हलक्यात घेण्याजोगे नाहीत. पहिला आक्षेप ओळखीचा: भाडेकरू मित्राचा भाऊ आहे, किंवा गावाकडच्या कोणाचा मुलगा शिकायला आला आहे, त्याच्यासमोर चादरींची संख्या लिहीत बसायचे म्हणजे अविश्वास दाखवणे. ही भावना खरी आहे आणि आपल्याकडचे बरेच व्यवहार विश्वासावरच चालतात. परंतु विश्वास माणसावर असतो, स्मरणावर नसतो. दोन्ही बाजू प्रामाणिक असूनही एकाला आठवते की तीन खुर्च्या होत्या आणि दुसऱ्याला चार. अशा वेळी कागद नसला तर प्रामाणिक माणसेच एकमेकांना खोटे समजू लागतात. ओळखीच्या माणसाशी व्यवहार असेल तर यादी जास्त जरुरीची, कारण बिघडले तर भाड्याबरोबर नातेही जाते. दुसरा आक्षेप घरमालकांचा असतो: यादीत लिहिले की ते चालू ठेवण्याची जबाबदारी आपल्यावर येते, मग वॉशिंग मशीन बंद पडली तरी भाडेकरू बोट दाखवणार. हे अगदी बरोबर आहे, आणि तसेच व्हायला हवे. ज्या वस्तूच्या नावावर वाढीव भाडे घेतले, ती वस्तू देणे हा व्यवहाराचाच भाग आहे. ती सांभाळण्याची तयारी नसेल तर ती घरातून काढावी आणि भाडे त्या प्रमाणात उतरवावे. ‘फर्निश्ड’ या शब्दाखाली बंद यंत्राचे भाडे घेऊ नये. तिसरा आक्षेप भाडेकरूंकडून येतो: मुंबईत घर मिळणेच कठीण, त्यात अटी घालायला लागलो तर मालक दुसऱ्याला देईल. यात तथ्य आहे. म्हणून भाडेकरूने मागणीच्या सुरात बोलू नये. स्वतःच खोलीनिहाय यादी आणि फोटो तयार करून मालकाला पाठवावेत आणि दुरुस्ती सुचवायला सांगावे. यात मालकाचाही फायदा आहे, कारण त्याच्या वस्तूंची नोंद दुसऱ्याच्या हातची होते. चौथा आक्षेप असा, की यादी लवकर शिळी होते. मध्येच पलंग बदलला, नवीन पंखा बसवला, तर दर वेळी पुन्हा नोंदणी करायची का? त्याची गरज नाही. बदल झाला त्या दिवशी दोघांमध्ये एक लेखी निरोप व्हावा, मग तो ईमेल असो की व्हॉट्सअ‍ॅपवरचा संदेश, आणि त्याला समोरच्याने ‘मान्य’ असे उत्तर द्यावे. पुढच्या नूतनीकरणात ते बदल परिशिष्टात ओढून घ्यावेत.

काही घरमालक सामानाचे भाडे वेगळे दाखवतात, घराचे इतके आणि फर्निचरचे इतके, अशा दोन पावत्या करतात. तसे करण्याला कायदेशीर जागा आहे, पण त्यामागचा करविषयक परिणाम समजून न घेता करू नये. घराच्या भाड्याच्या उत्पन्नावर मिळणारी ३० टक्क्यांची सरसकट वजावट फर्निचरच्या वेगळ्या भाड्याला लागू होत नाही. ते उत्पन्न वेगळ्या सदरात जाते आणि तिथे घसारा व प्रत्यक्ष खर्च पाहावा लागतो. मुंबईत हॉटेल चालवण्यासाठी सजवून दिलेल्या एका इमारतीवरून सुलतान ब्रदर्स विरुद्ध आयकर आयुक्त हा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. १९४९ च्या त्या करारात इमारतीचे महिन्याला ५,९५० रुपये आणि फर्निचर व जोडलेल्या साधनांचे ५,००० रुपये असे आकडे वेगवेगळे लिहिलेले होते. दोन आकडे असूनही, इमारत आणि फर्निचर एकमेकांपासून वेगळे न काढता येण्यासारखे दिले होते, असे धरून न्यायालयाने दोन्हींचे उत्पन्न एकत्रच ‘इतर’ सदरात टाकले. कागदावर रक्कम तोडली की व्यवहार तुटतो, असे नाही. पक्षांचा खरा हेतू काय होता, हे पाहिले जाते. राहत्या घराच्या साध्या व्यवहारात म्हणून एकच भाडे आणि एक सविस्तर यादी पुरेशी आहे. भाड्याचा काही भाग फर्निचरच्या नावाने रोखीत घेऊन करारातला आकडा कमी दाखवणे तर दोघांनीही टाळावे. त्यात डिपॉझिट परत मागण्याची भाडेकरूची आणि भाडे थकल्यास ते वसूल करण्याची मालकाची, अशा दोन्ही बाजू लंगड्या होतात.

विकत घ्यायच्या घरातही हा शब्द तसाच फसवा ठरतो, फक्त तिथे रकमा मोठ्या असतात. जुना फ्लॅट ‘फर्निचरसह’ घेताना पाहणीच्या दिवशी भिंतीवर असलेला एसी आणि छताला असलेले झुंबर ताबा घेताना गायब असू शकतात, कारण विकणाऱ्याच्या मते ते सामान होते. खरेदीच्या करारातच परिशिष्ट जोडून काय राहणार आणि काय जाणार हे लिहावे, आणि शेवटचा हप्ता ती यादी घरात जुळल्यावरच द्यावा. बिल्डरकडून नवे घर घेताना लाकडी कपाटे, गालिचा आणि सुंदर पडदे लावलेला सॅम्पल फ्लॅट दाखवला जातो. रेरा कायद्याच्या १२ व्या कलमात जाहिरातीबरोबर नमुन्याच्या सदनिकेचाही उल्लेख आहे. तिच्यावर किंवा खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरल्याने नुकसान झाले, तर भरपाई मागता येते. त्याच कायद्याचे १४ वे कलम करारात वर्णन केलेल्या जोडणीच्या वस्तू आणि सुविधा ग्राहकाच्या संमतीशिवाय बदलू देत नाही. ‘वर्णन केलेल्या’ हा तिथला कळीचा भाग आहे. म्हणून सॅम्पल फ्लॅटमध्ये उभे असतानाच विचारावे, की यातले कोणते माझ्या घरात येणार आहे, आणि उत्तर कराराच्या परिशिष्टात शोधावे. तिथे नसेल तर ते शोभेसाठी ठेवलेले आहे असे समजूनच किमतीचा विचार करावा.

भाड्याच्या घराच्या बाबतीत शेवटची परीक्षा घर सोडताना होते, आणि तिची तयारी आधी करावी लागते. मुदत संपण्याच्या दहा-पंधरा दिवस आधी मूळ यादी हातात घेऊन दोघांनी घरात फिरावे, प्रत्येक ओळीपुढे ‘ठीक’, ‘झीज’ किंवा ‘नुकसान’ असे लिहावे आणि कपातीची रक्कम तिथेच ठरवावी. तेवढ्या अवधीत भाडेकरूला एखादी खुर्ची दुरुस्त करून घेता येते, डागाळलेले पडदे धुऊन आणता येतात आणि मालकालाही डिपॉझिटची रक्कम तयार ठेवता येते. यात एकमत झाले नाही, तरी भाडेकरूने किल्ली अडवून धरू नये. परवान्याची मुदत संपल्यावर ताबा न देणाऱ्याकडून भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई घेण्याची तरतूद भाडे नियंत्रण अधिनियमाच्या त्याच २४ व्या कलमात आहे. काही हजारांच्या गादीवरून ती ओढवून घेण्यात अर्थ नाही. ताबा ठरलेल्या दिवशी द्यावा आणि कोणत्या वस्तूवर वाद आहे, तेवढेच ताबापावतीत लिहावे. विजेच्या मीटरचा आकडा, परत केलेल्या किल्ल्यांची संख्या आणि मालकाकडून येणे राहिलेली रक्कम त्याच पावतीत नोंदवून दोघांनी सह्या कराव्यात. मालकानेही वाद नसलेली रक्कम त्याच दिवशी परत करावी. एका फ्रिजवर मतभेद आहे म्हणून पूर्ण डिपॉझिट रोखून धरण्याचे समर्थन करता येत नाही, कारण यादीतल्या बाकीच्या ओळींवर त्यानेच ‘ठीक’ म्हणून सही केलेली असते.